आत्याजवळ झोपायला येणारा माणूस

विजय नगरच्या आमच्या घरी आत्या अंथरुणाला खिळली, तेव्हा एका संस्थेनं तिच्या सोबतीला एक हिंदी बोलणारा स्वयंसेवक पाठवला. शेवटच्या दिवसांत माणसाला एकटं वाटू नये म्हणून हे लोक येऊन बसतात. हा मात्र येऊन झोपायचा. रोज दुपारी गळ्यात बिल्ला अडकवून हजर, हातात बाजारातल्या कमानिया गेटजवळची खव्याची जिलबी. आत्याला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, म्हणून जिलबी हाच खायचा, बोटं रुमालाला पुसायचा आणि मान मागे टाकून घोरायला लागायचा. सेवा म्हणे! अशी सेवा आमचं मांजरही करतं.

एकदा मी त्याला उठवायला गेले, तर आत्यानं माझा हात धरला.

"काहून उठवतेस? झोपू दे."

"आत्या, हा काय झोपायला येतो इथे?"

"तुम्ही सारे माझ्या छातीकडे पाहून राहिले, श्वास चालू आहे का म्हणून. हा असला की मी मरून राहिली असं वाटतच नाही. पंखा वाढव जरा, घाम आला त्याला."

मी दातओठ खात पंखा वाढवला.

आत्या गेली, ते त्याला कळवायचं कोणाला सुचलं नाही. दुसऱ्या दुपारी तो जिलबी घेऊन आला, रिकामी कॉट पाहिली आणि आपल्या खुर्चीत बसला. पुडा त्यानं उघडला नाही.

"अब सो जाओ भैया," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

तासभर तो टक्क जागा बसून होता.