बोल्टांचं हळदीकुंकू

आधी चहाचे दोन घोट घेऊन टाका. नंतर ठसका लागला तर मला बोलायचं नाही. कारण मी जी माती खाल्लीय ना, ती आज पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने सांगतेय!

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी मोटरसायकल घेतली, हे तुम्हाला माहितीच आहे. भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या गर्दीत दोन वर्षं रखडत रखडत चालवली. मग डोक्यात किडा वळवळला. एकदा तरी रेसट्रॅकवर चालवायची! शर्यत नाही हो, बायकांसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग. पण ट्रॅकवर सोडण्याआधी गाडीची तपासणी होते. नापास झाली की जशी आलात तशी घरी परत.

आमचे हे म्हणाले, "नापास झालीस तर गाडी विकायची. कबूल?"

"कबूल!" मी तोऱ्यात म्हटलं. काय ही माझी जीभ! त्या गाडीवर माझा किती जीव आहे, आणि मीच ती पणाला लावून बसले.

गाडी तयार करत होता आमचा मेकॅनिक पास्कल. उत्तनजवळच्या चौक गावचा, हाताला यश असलेला माणूस. त्याने आरसे काढले, दिव्यांना टेप लावली, ऑइलच्या बोल्टला तार बांधली. शेवटचं थोडं राहिलं आणि नेमकं त्याच्या भाचीचं लग्न आलं. गाडी माझ्या पार्किंगमध्ये आणून देऊन तो पळाला. शनिवारी दुपारी फोन केला तर मागे ब्रास बँड दणाणतोय.

"पास्कल, अजून काय राहिलंय रे?"

"बोल्ट! सगळे बोल्ट..." ढॅण ढॅण ढॅण! "...आनि टिळा लाव!"

"काय लावू?"

"टिळा! लाल! एकबी सोडू नको. टिळा न्हाय दिसला तं पास न्हाय करनार ते!"

फोन कट.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मला तर भरूनच आलं. एकही रविवार चर्च न चुकवणारा माणूस, आणि माझ्या गाडीची पूजा सांगतोय!

देवघरातलं कुंकू वाटीत कालवलं आणि पार्किंगमध्ये बसकण मारली. हँडलचे बोल्ट, चाकांचे बोल्ट, ब्रेकचे बोल्ट, एकालाही उपाशी ठेवलं नाही. नुसतं कुंकू कसं लावायचं, म्हणून शेजारी हळदीचं बोटही टेकवलं. शेजारच्या मंजुबेन भाजी घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "अरे वा, बहोत अच्छा! गाडी का हल्दीकुंकू?" त्यांनी पिशवीतलं एक झेंडूचं फूलसुद्धा वाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत गाडी घालून ट्रॅकवर. तपासणीचे चष्मेवाले साहेब खाली वाकले आणि खूश झाले.

"वा! एकूण एक बोल्टला मार्किंग? एवढं मनापासून कोणी करत नाही."

मी लाजले. "आमच्याकडे पद्धतच आहे."

त्यांनी एका बोल्टवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. मग वास घेतला.

"हे काय आहे?"

"कुंकू."

"आणि हे पिवळं?"

"हळद."

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. "मॅडम, आणि बोल्ट आवळले कुणी?"

"आवळायचे होते?"

त्यांनी पाना लावला. बोल्ट बाटलीच्या झाकणासारखा गरकन फिरला! मागच्या रांगेतल्या मुली तोंडावर हात धरून हसायला लागल्या.

मग उलगडा झाला. बोल्ट आवळला की त्यावरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ मारतात. बोल्ट ढिला पडला की रेघ तुटलेली दिसते. मेकॅनिक लोक त्यालाच टिळा म्हणतात. पास्कलने "आवळ" म्हटलं होतं हो, पण ते बँडवाल्यांनी खाल्लं!

"तुमच्या बॅचला वीस मिनिटं आहेत," साहेब म्हणाले. "हे सगळं पुसा, आवळा, मार्क करा. नाहीतर मला नापास करावं लागेल."

माझी गाडी दुसरंच कोणी चालवतंय असं डोळ्यांपुढे दिसायला लागलं आणि खरंच रडू फुटलं. एका मुलीने पाना दिला, साहेबांनी मार्कर दिला. मी रडतेय, हाताने कुंकू पुसतेय, घाम पुसतेय, बोल्ट आवळतेय! शेवटी साहेबांनी प्रत्येक बोल्ट तपासला आणि गाडीला हिरवा स्टिकर चिकटवला.

मग काय विचारता! दिवसभर ट्रॅकवर नुसती उडत होते. ग्रुप फोटोत मला मधोमध उभं केलं. सगळे माझ्याशी जरा जास्तच आदराने वागत होते. एकीने तर वाकून नमस्कार केला. मला वाटलं, वयाचा मान.

घरी यांनी दार उघडलं. "पास! पहिल्या फटक्यात!" मी छाती काढून थाप मारली.

यांनी मला हाताला धरून बेसिनवरच्या आरशासमोर नेलं. कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी. गाडीवरून पुसलेलं सगळं कुंकू माझ्या तोंडावर होतं!

"गाडी पास झाली ते कळलं," हे म्हणाले. "पण अंगात कोण आलंय?"

तेवढ्यात उघड्या दारातून मंजुबेन डोकावल्या आणि त्यांनी भक्तिभावाने हात जोडले. "कौनसे मंदिर गई थी?"

तेव्हापासून त्या माझ्याकडे पत्ता मागतायत.