सॅन फ्रान्सिस्को ते नाशिकरोड, तीस तास

दादा अमेरिकेला गेला तेव्हा बाबांनी आधी काय केलं असेल, तर त्याच्या प्रवासाचं वेळापत्रक तयार केलं. जन्मभर बसस्टँडवर कंट्रोलर असलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार! सॅन फ्रान्सिस्को ते फ्रँकफर्ट अकरा तास, तिथे चार तास थांबा, पुढे मुंबईपर्यंत आठ. सामान घेऊन बाहेर पडायला दोन, कसारा घाट चढून नाशिकरोडला पोचायला पाच. एकूण तीस. "फक्त तीस तास," ते येईल त्याला सांगायचे, "नागपूरला जाऊन यायलाही एवढेच लागतात." मी दोन गल्ल्या सोडून राहायचे. माझा हिशेब कुणी कशाला ठेवेल?

बाबांना पहिला अटॅक आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. मी लगेच फोन केला. दादा धावतपळत येऊन पोचला, तर बाबा कॉटवर बसून मऊ भात खात होते. आठ दिवस राहून निघताना तो मला म्हणाला, "अगं, पुढच्या वेळी नक्की असेल तरच फोन कर." रागावून नाही, दमून म्हणाला. पण मला ते फार लागलं. नक्की म्हणजे काय? माणूस जाणार हे तीस तास आधी कळायला मी काय ज्योतिषी आहे? देवळाली कॅम्पच्या शाळेत गणित शिकवणारी बाई मी.

दोन वर्षांनी बाबांना पुन्हा अॅडमिट केलं. या खेपेला डॉक्टर म्हणाले, "चोवीस तास बघू." मी दोनदा रिसीव्हर उचलला आणि ठेवला. दादाची नोकरी नवी, वहिनीला सातवा महिना. आणि खरं सांगू? 'उगाच बोलावलंस' हे पुन्हा ऐकायचं त्राण माझ्यात नव्हतं.

बाबांनी विचारलं, "कळवलंस त्याला?"

"हो."

"निघाला?"

"निघाला," मी म्हणून गेले. बरे झाले की सांगू, हसतील, असं वाटलं.

बाबांनी घड्याळ उशाशी मागून घेतलं. मग सुरूच झालं. "आता फ्रँकफर्टला असेल. स्वेटर घेतलाय ना?" "घेतलाय, बाबा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा श्वास बिघडला आणि मी बाहेर जाऊन फोन केला. "निघ," एवढंच बोलले. त्याला तिकीट मिळालं ते अमेरिकेतल्या दुसऱ्या दिवसाचं. मी परत आत आले तर बाबा म्हणाले, "मुंबईला उतरला असेल. माझी दाढी कर." मी केली.

दुपारी दोनला तीस तास झाले. बाबांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले.

"रडू नकोस," ते म्हणाले. "मीही लोकांना असंच सांगायचो. गाडी डेपोतून हललेली नसायची, तरी म्हणायचो, निघालीय, येईलच."

संध्याकाळी बाबा गेले. दादा तेव्हा कुठे घरातून निघत होता.