नाव कोरलेला डबा

आज पहाटे आबा गेले, आणि सकाळी मी माझ्या मुलीला हसून म्हटलं, "ऑल द बेस्ट."

आबा म्हणजे माझे वडील. कालपर्यंत ठणठणीत होते.

भावाचा फोन आला. "ताई, आबा झोपेतच गेले गं. दुपारी नेतोय. तुला पोचायला जमायचं नाही, ठाऊक आहे आम्हाला."

मी इथे कतारमध्ये, अल खोरला, ते साताऱ्याकडच्या आमच्या गावात. नवरा शिफ्टवर. आणि सई पलीकडच्या खोलीत गाढ झोपलेली.

तिचं आज शाळेत प्रेझेंटेशन होतं. तिच्याहून लहान, पहिलीतल्या मुलांना अमेरिकेतल्या एका छोट्या गावाची ओळख करून द्यायची. नेब्रास्कातलं, मक्याच्या शेतांमधलं गाव. एक पोस्ट ऑफिस, एक चर्च, एक पाण्याची उंच टाकी. संपलं गाव.

तयारी चालायची आबांबरोबर, व्हिडिओ कॉलवर. ती इंग्लिशमध्ये, ते मराठीत. मी मध्ये पडले की दोघंही वैतागायचे.

आबांना पाण्याच्या टाकीशी काही देणंघेणं नव्हतं.

"मला सांग, तिथं कुणी गेलं तर गाव काय करतंय?"

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आबा, पहिलीतली पोरं आहेत! असलं काय विचारता?"

पण सईने शोधलंच. "आबा, नेबर्स फूड आणतात. बिग डिश. खाली टेपवर नेम लिहितात, सो दे कॅन रिटर्न इट."

आबा खूश. "म्हंजे आपल्यावानीच की! दुःखाच्या घरी चूल पेटत न्हाई. शेजारी पिठलं-भाकरी आणून देत्यात. आन् भांड्यावर नाव कोरल्यालं असतंय, म्हणून ते घरला परत जातंय."

मग मला एक पातेलं उलटं करून तिला त्यावर कोरलेलं माझ्या आईचं नाव दाखवावं लागलं.

काल संध्याकाळी आबांना ते सगळं पुन्हा एकदा ऐकायचं होतं. मीच म्हटलं, "आबा, खलास आता. उद्या झाल्यावर ऐका."

फोन मी ठेवला. हे आता जन्मभर छळणार मला.

सकाळी तिची वेणी घातली. गॅस पेटवावासा वाटेना, म्हणून डब्यात ब्रेड-जॅम दिला. डोळे लाल का, विचारलं तिने. म्हटलं, धूळ गेली.

आबांनाही हेच आवडलं असतं, असं स्वतःला बजावत तिला बसमध्ये बसवलं.

खोटं. माझी हिंमत झाली नाही, एवढंच. नाव आबांचं पुढे केलं.

समोरच्या वैशालीवहिनींच्या मात्र गळ्यात पडून रडले. शेजारणीला कळलं, नातीला नाही.

दुपारी सई नाचतच आली. "आई, इट वेंट सो वेल! फूडचा पार्ट सगळ्यांना आवडला! आबांना कॉल कर ना!"

मी म्हटलं, "आधी हातपाय धू."

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

गॅस बंद. ओटा कोरडा. त्यावर वहिनींनी आणून ठेवलेला स्टीलचा डबा.

तिने झाकण उघडलं नाही. डबा उचलून बुडाशी बघितलं. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. एकेक अक्षर लावत तिने वहिनींचं नाव वाचलं.

घरात कायम इंग्लिशमध्ये उत्तर देणारी माझी लेक, मराठीत म्हणाली,

"आई, आपल्याकडे कोण गेलं?"

आबा, मी नाही सांगितलं. तुम्हीच सांगितलंत तिला.

तुमच्या लेकीला माफ करा. शेवटचा नमस्कार.