डाव्या बाजूचं दार

आमच्या वर्कशॉपमधली पोरं दर अमावस्येला मशीनसमोर नारळ फोडतात. मी त्यांना म्हणतो, नारळ तुम्ही फोडा, मी ग्रीस मारतो, बघू मशीन कशानं चालतंय ते. सांगायचा मुद्दा, मी असला माणूस आहे. भूतखेत, बाहेरची बाधा, अंगात येणं... मला हसूच येतं. म्हणजे यायचं.

मी मूळचा पणदऱ्याचा. बारामतीत ठिबकचे पार्ट बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. नाद एकच — गाडी. साधी नाही, काळीभोर, लांबलचक जर्मन सेडान, सहा सिलिंडरची. पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली मिळाली. पायाचा नुसता अंगठा दाबला तरी पाठ सीटला चिकटायची आणि पोटात गोळा यायचा. एवढी ताकद, पण काचा वर केल्या की आत देवघरासारखं शांत. आणि तिची दारं! आपटायची नाहीत, नुसती टेकवायची. मग आतली मोटर बारीक घुर्र करते आणि दार स्वतःच ओढून घेते. पहिल्या दिवशी मी ते चाळीस वेळा तरी लावून बघितलं असेल. बायको म्हणाली, आता दाराशीच संसार करा.

आमचे वडील, तात्या. त्यांनी बावीस वर्षं बारामती–इंदापूर वडाप चालवलं. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी — नऊ जणांच्या जीपमध्ये अठरा जण बसवून नेण्याची कला. त्या जीपचं दार साध्या हातानं लागायचंच नाही. तात्या बसल्या जागेवरून ओरडायचे, "दार वढा जोरात!" धाडकन आवाज आला की मगच गियर. तो आवाज कानावर पडला नाही तर मागं कितीही बोंबाबोंब होऊ दे, जीप जागची हलायची नाही.

गाडी घरी आली त्या दिवशी आईनं चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. अर्धी आळी जमलेली. तात्या इस्त्रीचा सदरा घालून ऐटीत डाव्या बाजूला बसले... आणि सवयीनं दार आपटलं. धाड! माझ्या काळजावरच आपटल्यासारखं झालं.

"तात्या! ही काय वडापची जीप हाय व्हय? नुसतं टेकवायचं असतंय. मोटर जाईल की त्याची!"

लोक हसले. तात्याही हसले. "चुकलं बाबा. हाताला सवय." मग मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर मारून आलो. उतरल्यावर त्यांनी दाराला हातच लावला नाही. ते उघडं ठेवून बाजूला उभे राहिले. मी पलीकडून येऊन लावलं आणि पुन्हा सगळ्यांना दाखवलं, बघा, असं.

त्यानंतर ते त्या गाडीत कधी बसले नाहीत. कधी "पाय चिखलाचं हायती," कधी "एसीत मळमळतंय," नाहीतर "तू हो म्होरं, मी येतो यष्टीनं." मला कळत होतं. पण कळूनही मी काही बोललो नाही, हे आज लिहायलाच पाहिजे.

फक्त एकदा जेवताना ते म्हणाले, "दत्ता, येकदा इंदापूरपतोर जाऊ की हिच्यातनं. माझाच रस्ता हाय, बघू तरी हिच्यातनं कसा दिसतोय."

मी म्हणालो, बघू, रविवारी. त्या रविवारी आमच्या गाडीवाल्या ग्रुपचा ड्राइव्ह निघाला. पुढच्या रविवारी वर्कशॉपचं काम. तिसरा रविवार आलाच नाही. गुरुवारी सकाळी गोठ्यातून दुधाची किटली घेऊन येताना तात्या ओट्यावर टेकले ते टेकलेच.

तेराव्यानंतर आत्या इंदापूरला परत गेली आणि चष्मा इथंच विसरली. तो द्यायला मी एकटा निघालो. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. बारामती सोडताना इंदापूर रस्त्याला एक बंद पडलेला वजनकाटा आहे. तात्यांची जीप तिथूनच भरायची. तिथं नेमका फोन आला म्हणून गाडी बाजूला घेतली. बोलणं झालं, गियर टाकला, तर समोर स्क्रीनवर खूण — डावीकडचं पुढचं दार उघडं.

बघतो तर खरंच बोटभर उघडं. गाडी चालायला लागली की दारं आपोआप लॉक होतात, मग उघडलं कसं? मी बेल्ट काढून पलीकडं वाकलो. माझा हात पोचायच्या आधीच दार आत आलं. टेकलं. घुर्र... आणि लागलं. बाहेर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

खोटं कशाला बोलू, तात्यांच्या तंबाखूचा वास आला नाही, सावली दिसली नाही. अंगावर काटा मात्र आला.

इंदापूर स्टँडच्या अलीकडं गर्दीत थांबलो, तेव्हा पुन्हा तेच. बोटभर उघडलं, हळूच लागलं. उतरणाऱ्या माणसानं लावावं तसं. परत येताना काहीच नाही.

पुण्याच्या ओळखीच्या मेकॅनिकनं कॉम्प्युटर लावून गाडी तपासली. म्हणाला, "दार उघडल्याची नोंदच नाही. आणि दादा, कुणीतरी टेकवल्याशिवाय ही मोटर सुरूच होत नाही. तुम्हीच टेकवलं असेल." मी पैसे देऊन गाडी बाहेर काढली.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं होतं, देवऋषी गाठायला लावेल. ती भाकरी थापायची थांबली.

"त्या काट्यापशी? तितंच जीपमधनं पडला हुतास की तू. चार वर्साचा हुतास. दार नीट लागलं न्हवतं. ह्यो कोपरावरचा वण त्येचाच."

मला आजवर सांगितलं होतं, गोठ्यात पडलो म्हणून.

"त्यांनीच सांगू दिलं न्हाय. तवापास्नं दार लागल्याचा आवाज ऐकल्याबिगर त्यांनी कदी गाडी हलवली न्हाय. तुज्या गाडीचंबी त्येच्यासाठनंच आपटलं असंल... आन तू चारचौघांत..."

भाकरी तव्यावर करपली, तरी दोघांपैकी कुणी उलटली नाही.

आता मी दर रविवारी इंदापूरला जातो. काम नसतं. काट्यापाशी थांबतो. कधी काहीच होत नाही, कधी दार बोटभर उघडतं. गाड्यांमधले जाणकार सांगतील, लॅच, वायरिंग, सेन्सर. सगळं बदलून झालंय. कारण मला अजून सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी ते शोधतही नाही.

मी फक्त मोठ्यानं म्हणतो, "तात्या, आपटा. मोटर गेली तर जाऊ द्या. तुमी आपटल्याबिगर मी गियर टाकत न्हाय." आणि थांबून राहतो. मागून ट्रॉल्या हॉर्न देत निघून जातात.

दार आत येतं, टेकतं, घुर्र करतं आणि लागतं... अगदी मी शिकवलं होतं तसं.