डर्बी, ऑक्सफर्ड आणि बाबांचे पाय

बूट घ्यायला गेलं की बूट मिळावा, एवढीच माझी अपेक्षा होती. नागपुरात बर्डीवरच्या त्या मोठ्या दुकानात मला बूट सोडून बाकी सगळं मिळालं. ऑक्सफर्ड, डर्बी, लोफर, मंक. फुल ग्रेन, टॉप ग्रेन, स्प्लिट, नुबक. काउंटरमागचा माणूस एकामागून एक शब्द टाकत होता आणि मी मान हलवत होते. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं.

हौसेनं गेले नव्हते मी. बाबांना साखरेचा आजार जुना आहे. नोकरी एसटीत कंडक्टरची, उमरेड-नागपूर, सगळा जन्म उभ्यानं गेला. आता त्यांच्या तळपायांना काही म्हणजे काही कळत नाही. त्या हिवाळ्यात त्यांच्या चपलेत एक चिंचोका अडकला होता आणि तो तसाच घेऊन ते दिवसभर फिरले. आईनं चप्पल झटकली तेव्हा तिला रक्त दिसलं. बाबा म्हणाले, "मले तर काही समजलंच नाई." ती जखम भरायला उन्हाळा तोंडावर आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुन्हा असं झालं तर बोट काढावं लागेल, आणि वेळ आली तर पाऊलही. चप्पल आजपासून बंद. बूट घ्या. कातडं मऊ हवं, आतली शिवण टोचायला नको, पुढून रुंद हवा आणि पाय घालताना पूर्ण उघडला पाहिजे.

मी हे सगळं दुकानात जसंच्या तसं सांगितलं. त्या माणसानं एक काळा चकचकीत बूट समोर ठेवला. "ऑक्सफर्ड आहे मॅडम. जेन्युइन लेदर." दुसरा काळा काढला, तोही ऑक्सफर्ड. मग तपकिरी काढला, त्याला म्हणाला डर्बी. म्हणजे त्याच्या लेखी फरक फक्त रंगाचा. मी विचारलं, "जेन्युइन म्हणजे नेमकं काय?" तो म्हणाला, "जेन्युइन म्हणजे जेन्युइन, मॅडम." मी शाळेत इतिहास शिकवते. असं उत्तर माझ्या वर्गात कोणी दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

घरी येऊन मी मोबाइल उघडला आणि रोज जेवण झालं की व्हिडिओ लावून बुटांचा अभ्यास करायला लागले. एवढा अभ्यास मी बीएडलाही केला नव्हता. ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पुढच्या कातड्याखाली शिवलेल्या असतात, म्हणून तो घट्ट बसतो आणि फार उघडत नाही. डर्बीत त्याच पट्ट्या वरून शिवतात, म्हणून नाडी सोडली की दोन्ही बाजू मोकळ्या होतात आणि सुजलेला पायही आत जातो. बस, एवढंच. एका वाक्यात सांगायची गोष्ट, पण अख्ख्या बर्डीवर ती मला कोणी सांगेना.

जेन्युइनवर तर मी खरंच भडकले. मला वाटायचं, जेन्युइन म्हणजे सगळ्यात उत्तम. निघालं भलतंच. कातड्याचा सगळ्यात वरचा थर, काही न घासता ठेवलेला, तो फुल ग्रेन. मजबूत, आणि पायाला हवा लागू देणारा. तो वरचा थर काढून घेतल्यावर खाली जे उरतं, त्यावर रंगाचा लेप चढवून त्यालाही खुशाल जेन्युइन म्हणतात. खोटं बोललो असं नाही म्हणे, कातडं तर आहेच ना.

दुसऱ्या फेरीत मी तयारीनं गेले. सोलाच्या कडेनं सुंदर टाके घातलेला एक बूट त्यानं दाखवला. मला तोवर वेल्ट कळला होता. बुटाच्या कडेनं कातड्याची पट्टी शिवायची आणि त्या पट्टीला सोल शिवायचा. सोल झिजला की उसवून दुसरा लावता येतो. मी त्या टाक्यांवरून नख फिरवलं. दोरा नव्हताच. टाके रबरातच ओतलेले, नुसते दिसायला, आणि सोल चिकटवलेला. मी विचारलं, "मग हे टाके कशाला?" तो म्हणाला, "डिझाइन आहे मॅडम." मी कपाळाला हात लावला.

त्यात माझा भाऊ. तो पुण्यात असतो, आणि दूर राहणाऱ्या भावाला आईबापाबद्दल सल्ले फार सुचतात. कधी तो लिंक पाठवायचा, कधी फोटो. मंक घे, त्याला नाडी नसते, बकल असतं. मग दुसऱ्या दिवशी, मंक नको, बकल टोचेल. मी म्हटलं, तू ये आणि घाल बाबांच्या पायात. तर म्हणतो, तू चिडतेस फार. आता चिडू नको तर काय आरती करू?

शेवटी सदरमध्ये एका दुकानात मनासारखा जोड मिळाला. डर्बी, फुल ग्रेन, पुढून ऐसपैस, आतून मऊ अस्तर, सोल शिवलेला. मी स्वतः आत हात घालून सगळीकडे फिरवला, कुठे काही बोचत नव्हतं. बाबांनी घालून घरातल्या आरशासमोर उभं राहून पाहिला. आई म्हणाली, "साहेब दिसून राहिले." मी त्या रात्री शांत झोपले.

माझं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. आठवडाभरानं गेले तर बाबा समोरून येत होते आणि बूट फटक फटक वाजत होते. खाली पाहिलं. बुटाची मागची बाजू टाचेखाली चेपून सपाट केलेली. तिथे आत एक कडक तुकडा असतो, त्याला हील काउंटर म्हणतात, टाच जागेवर धरायला. बाबांनी त्याची पार पोळी करून टाकली होती.

"बाबा, हे काय केलं?"

"काहून वं, घालून तर राहिलो."

"ही चप्पल झाली बाबा. उघडी टाच."

"मग काय करू? मंदिरात काढा, वाचनालयात काढा, कोणाच्या घरी गेलो त काढा. दर वेळेस वाकून नाडी बांधत बसू काय? वाकलो की मले चक्कर येते."

मी आणखी चिडले. तो बूट बनवणाऱ्यानं धरून चालला होता, की माणूस सकाळी नाडी बांधतो आणि संध्याकाळी सोडतो. माझा बाप सकाळपासून उंबरठेच ओलांडत फिरतो. आमच्या गल्लीत प्रत्येक दारासमोर चपलांचा ढीग असतो, आणि त्यातल्या प्रत्येक बंद बुटाची टाच चेपलेलीच असते. हे मी जन्मापासून पाहत आले होते आणि तरी नाडीचा बूट आणला होता.

मग नाडी नको, बकल नको, असा वेल्क्रोच्या चिकटपट्टीचा जोड आणला. दोन रुंद पट्टे, बसल्या बसल्या काढा, बसल्या बसल्या घाला. दिसायला भयंकर. बाबा म्हणाले, "हा त बालवाडीतल्या पोराचा जोडा आहे." पण घालायला लागले. टाच चेपली नाही. बाहेर जाताना न विसरता घालायचे. भावाला मी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, विषय संपला.

एप्रिलमध्ये आईनं कुरड्या घातल्या. आमच्याकडे वाळवण मांडलेल्या गच्चीवर चप्पल चालत नाही, खायची वस्तू पसरलेली असते. नागपूरच्या एप्रिलमध्ये भर दुपारी ती गच्ची तव्यासारखी तापते. मी जाते तेव्हा चवड्यांवर उड्या मारत जाते, हाताला येईल तेवढं पलटते आणि जिन्याकडे पळते. सगळ्या घरांत असंच करतात. त्या दिवशी आईचे गुडघे धरले होते, म्हणून कुरड्या पलटायला बाबा गेले. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांनी बूट काढून नीट जोडीनं ठेवले. आणि सावकाश, एकेक कुरडी पलटत, सगळी गच्ची फिरले. कठड्याशी उभं राहून शेजाऱ्यांशी गप्पाही मारल्या. पळावं असं त्यांना काही जाणवलंच नाही.

संध्याकाळी आईला फरशीवर ओली पावलं दिसली. तिला वाटलं, पाय धुऊन आले असतील. फोड फुटून त्यांचं पाणी लागत होतं.

मी दवाखान्यात सगळ्यांसमोर ओरडले. "बूट काढले कशाला?"

"कुरड्या होत्या ना वं," बाबा म्हणाले. "खायची वस्तू."

आई भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "मीच म्हटलं त्यायले, जोडे बाहेर काढा म्हणून."

मला नुसता राग येत होता. त्या दुकानदाराचा, त्याच्या खोट्या टाक्यांचा, मोबाइलवरच्या त्या गोड बोलणाऱ्या माणसांचा. चामडं कसं कमावतात इथपासून सगळं सांगितलं त्यांनी. बूट दिवसातून कुठे कुठे काढावा लागतो, हे एकानंही विचारलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं. भावाचा मेसेज आला, काळजी घ्यायला हवी होती. मी फोन बंद करून टाकला.

डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. बाकीचा पाय वाचला. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, आता घरातही अनवाणी नाही. पलंगावरून उतरायच्या आधी पायात जोडा, आणि तो पलंगावर चढल्यावरच काढायचा. मी लगेच घरात घालायचा वेगळा जोड आणला. जाड पण हलका तळ, मऊ कापडाचा वरचा भाग, तेच दोन पट्टे. बाबांनी तो पलंगाखाली सरकवला. आईच्या स्वयंपाकघरातच देव आहेत. त्या उंबरठ्याच्या आत आजवर कोणाची चप्पल गेलेली नाही, आणि बाबांचं जेवण, चहा, औषध सगळं तिथेच.

"देवासमोर जोडे घालून जाऊ? काहीतरीच सांगून राहिली," बाबा म्हणाले. मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. ते ऐकेनात. आई पोळ्याच लाटत राहिली. मला तिचाही राग आला.

एका सकाळी शाळेत जायच्या आधी मी डोकावले. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसले होते. आई खाली बसली होती, समोर पाटावर त्यांचा उजवा पाय. ती पदरानं तळवा पुसत होती. बाजूला तो नवा जोड, तळ घासून धुतलेला, अजून ओला. दोघांनीही मला पाहिलं नाही.

आईनं अंगठ्यानं टाच दाबली. "समजते काय?"

बाबा समोरच्या भिंतीकडे पाहत होते. "हो ना."

तिनं बोटांखाली दाबलं, चांगलं जोर लावून. "आन् इथं?"

"इथंही."

मग तिनं दोन्ही हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवले. "आन् आता?"

"हो वं," बाबा भिंतीकडे पाहतच म्हणाले, "किती जोरात दाबून राहिली."

आई त्यांच्या पायाकडे बघत बसून राहिली. मग तिनं बूट उचलले, पुसले, एकेक करून त्यांच्या पायांत घातले आणि पट्टे आवळले. उठली, त्यांच्या दंडाला धरलं. बाबा उंबरठ्याशी अडले.

"या आत," ती म्हणाली. "पोळी थंडी होऊन राहिली."