सहाशे ग्रॅमचा फरक

धडगावच्या डोंगरातल्या एका पाड्यावर सोनीबाई वीस वर्षं अंगणवाडी चालवत होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं मोबाइलवर बालपोषणाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. रेंज फक्त टेकडीवर मिळायची, म्हणून दुपारी पोरं घरी गेली की ती वर चढायची.

सातव्या धड्यात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही लिहिलेला आकडा खरा कशावरून?"

सोनीबाईला आपली वजनांची नोंदवही आठवली. वजनाचा नवा टांगता काटा आल्यापासून तीन महिन्यांत पोरं भराभर सुधारली होती. तेव्हा तिला कौतुकच वाटलं होतं.

खाली येऊन तिनं काट्याच्या झोळीत मिठाच्या किलोकिलोच्या पाच पुड्या टाकल्या. काटा पाच किलो सहाशेवर थांबला. पुड्याच जड असतील, असं स्वतःला समजावत तिनं त्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या. बरोबर पाच किलो.

पर्यवेक्षिका सरलाबाई फोनवर भडकल्या. "काटा खोटा शे, मंग तीन महिनाना अहवालबी खोटाच ना?"

"हो, बाई."

दुकानदाराचा काटा मागून घेऊन ती घरोघर फिरली. कालीबाईची चौदा महिन्यांची मुलगी आधी सहा किलो नऊशे भरली होती, आता सहा किलो तीनशे. तक्त्यावर पिवळ्यातून थेट लाल, म्हणजे अतितीव्र कमी वजनाच्या पट्ट्यात. कालीबाई तर उद्याच ऊसतोडीला गुजरातला निघालेली. गाठोडी बांधून झाली होती.

"पोर बरी आहे, असं तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. काटा तपासलाच नव्हता मी. चूक माझीच."

कालीबाईनं आपलं गाठोडं सोडलं. सकाळी नवरा एकटाच ट्रकमध्ये चढला.

सोनीबाई मायलेकींना घेऊन जीपनं तालुक्याला गेली आणि पोर दाखल होईपर्यंत दवाखान्यातून हलली नाही. त्याच दिवशी तिची ऑनलाइन परीक्षा होती, ती बुडाली. तीन आठवड्यांनी पोर लाल रेघेच्या वर आली. सरलाबाईंनी कुरकुरत का होईना, आसपासच्या पाड्यांवरचे काटे तपासायला घेतले. सोनीबाईनं पुन्हा नाव नोंदवलं. आता ती प्रत्येक धड्याला वहीत आपले प्रश्न लिहिते.

पण त्याच काट्यावर बरी ठरलेली दोन पोरं आधीच आईबापांबरोबर गुजरातला गेली होती. एकाच्या बापानं फोनवर तिथल्या अंगणवाडीत नेतो म्हणून सांगितलं. दुसरा उखाचा मुलगा. उखाचा फोन बंद लागतो. त्याच्या ऊसतोडीच्या तळावर मजूर नेणाऱ्या मुकादमाजवळ तिनं निरोप दिलाय. अजून काही कळलेलं नाही.