झोपलेल्या माणसाचा कुत्रा

आयुष्यातली सगळी महत्त्वाची कामे झोपेत पार पाडलेले एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि ते माझे थोरले साडू आहेत. हे मी तोलूनमापून लिहितो आहे. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे ताळा जुळल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. माझ्या लग्नात बँडवाल्यांचा मोठा ढोल त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर वाजत होता आणि ते गाढ झोपले होते. तरी प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी त्यांच्या मुठीतल्या अक्षता बरोबर पडत होत्या. त्यांच्या स्वतःच्या साखरपुड्याची हकीकत सासरी अजून सांगतात. बोलणी लांबली, यांना डुलकी लागली, मान खाली-वर होऊ लागली, आणि मुलगा प्रत्येक गोष्टीला होकार देतो आहे असे समजून आमच्या सासऱ्यांनी पेढे वाटून टाकले. अक्कलकोटला म्हणून बसमध्ये बसलेले हे गृहस्थ एकदा गाणगापुरात जागे झाले. आलोच हाय तर, म्हणून दर्शन घेतले आणि परतीच्या बसमध्ये पुन्हा झोपले. त्या खेपेला अक्कलकोट येतानाही हुकले.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी सारी उमर चादरींच्या कारखान्यात यंत्रमागांवर काढली. पाळी बदलत राहायची, त्यामुळे झोप ज्या वेळी आणि ज्या जागी मिळेल तिथे घ्यायची ही त्या कामाची रीत. नव्या चादरींच्या गठ्ठ्यावर, सुताच्या पोत्याला टेकून, उभ्याउभ्या भिंतीला खांदा लावूनही ते झोपत. मागाच्या खडखडाटात झोप कशी लागते, असे मी एकदा विचारले होते. त्यांनी सांगितले की मागावरच्या माणसाला मागाचा आवाज ऐकू येत नाही. माग थांबला की ऐकू येतो. मला ते त्या वेळी विनोदाने बोलले असे वाटले. पण काम सुटले, मुलगा नोकरीला पुण्याला गेला, आणि घर असे शांत झाले की अण्णांची झोपच उडाली. ढोलाशेजारी झोपणारा माणूस मऊ गादीवर रात्रभर छताकडे बघत पडू लागला. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तोंडाने तिखट. पण हे सांगताना फोनवर माझ्या बायकोजवळ रडली होती.

अशात होटगी रस्त्यावरून अण्णा एक पिल्लू घेऊन आले. भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचे, म्हणून त्याचे नाव दाण्या. ते अण्णांच्या खाटेखाली झोपले आणि पहिल्याच रात्री घोरले. एवढेसे पिल्लू इतके घोरते यावर मी कानांनी ऐकेपर्यंत विश्वास ठेवला नव्हता. त्या घरघरीवर अण्णांना झोप लागली. सकाळी अक्काने चहा नेला तर दोघेही उठेनात. तिने चहा झाकून ठेवला आणि आवाज न करता दार ओढून घेतले.

पिल्लू होते तोवर सगळे ठीक होते. पण दाण्या वयात आला. पाय लांब झाले, छाती भरली आणि डोक्यातून सगळे निघून गेले. काल कळलेले नाव आज कळेना. चपला पळवायचा, त्याही एकेका जोडीतली एकच, म्हणजे उरलेली कुणाच्याच उपयोगाची नाही. रस्त्यावर निघाला की दिसेल त्या माणसाच्या खांद्यावर पुढचे पाय ठेवून स्वागत करायचा. गल्लीतल्या एका इस्त्री केलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर त्याचे पंजे असे उमटले होते की ते मुद्दाम छापून घेतले आहेत असे वाटावे. अक्काने कटकट केली की अण्णा शांतपणे म्हणायचे, "आपलं पोरगं या वयात दारं आपटत हुतं की. ह्यो तरी चपला नेतो."

मग एका सकाळी भाजी आणताना दाण्याला समोरून मांजर दिसले. त्याने असा हिसका दिला की अण्णा रस्त्यावर पालथे पडले आणि मनगट मोडले. प्लास्टर घातलेल्या हाताने ते घरी आले तेव्हा अक्का ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने शांतपणे सांगितले की उजनीच्या पाण्याकाठी तिच्या चुलतभावाची केळीची बाग आहे, तिथे राखणीला कुत्रा हवाच आहे. संक्रांतीपर्यंत हा माणसांत नीट वागायला शिकला नाही तर तिकडे जाईल. पुढच्या वेळी मनगटावर भागेल कशावरून, असे तिने मला विचारले. या वयात मोडलेले खुब्याचे हाड काय करते हे मी माझ्या वडिलांच्या वेळी पाहिले आहे. अक्काचे बरोबर होते, आणि दाण्या गेला तर अण्णांची झोप जाणार हेही तितकेच खरे होते. हे दोन्ही आकडे मी शेजारी शेजारी मांडून पाहिले, पण बेरीज काही केल्या जमेना.

अण्णांनी शिकवणी मनावर घेतली. मागाच्या उरलेल्या रंगीत सुताची जाड दोरी त्यांनी एका हाताने, पायाच्या अंगठ्यात पीळ धरून, स्वतः वळली. मग भाषेचा प्रश्न आला. होटगीकडचा कुत्रा म्हणजे त्याच्या कानावर आधी कानडी पडली असणार, असा त्यांचा तर्क. म्हणून हुकूम कानडीत. गप बस हे सांगायला ते "सुम्ने कुंद्रु" म्हणायचे, इतक्या मऊ आवाजात की शेजारचा माणूस खाली बसेल. दाण्या शेपूट हलवून त्यांच्या अंगावर उडी मारायचा. चहाच्या गाड्यावर सल्ल्याला तोटा नव्हता. कुणी बिस्किटे दाखवायला सांगितले, कुणी काठी, कुणी म्हणाले नाव बदला. अण्णा सगळ्यांचे ऐकून घेत, मान हलवत, आणि त्यांची मान हलते आहे ती होकाराने की डुलकीने, हे सांगणाऱ्याला कधीच कळत नसे.

शेवटी त्यांनी स्वतःची पद्धत काढली. कुत्र्याला गर्दीची सवय व्हायची तर त्याला गर्दीत नुसते बसवायचे, काही करायचे नाही. दुपारचे जेवण झाले की ते दाण्याला घेऊन निघत. कधी सिद्धेश्वर तलावाच्या काठी, कधी मंडईच्या कोपऱ्यावर, कधी होटगी स्टेशनच्या बाकावर. दोरीचे टोक चांगल्या मनगटाला बांधून बसत, आणि बसले की झोपत.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जात असे. खरे सांगायचे तर त्या दुपारी मला अजून आठवतात त्या शिकवणीसाठी नाही. सोलापूरची दुपार ही एक वेगळीच जागा आहे. दुकानांची शटरे अर्धी खाली येतात, रस्त्यावरचा उजेड पांढरा होतो, आणि आवाज असतात ते लांबून आल्यासारखे असतात. तलावाच्या पाण्यावर देवळाचे शिखर उलटे पडलेले असे आणि एखादा बगळा त्याच्यावरून चालल्यासारखा दिसे. अण्णा कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून झोपलेले. दाण्या सुरुवातीला दोरी ओढून पाही. पण झोपलेला माणूस दगडासारखा जड असतो. ओढून उपयोग नाही हे कळल्यावर तो बसे. मग शेळ्या जात, फुगेवाला जाई, शाळा सुटून मुले जात, आणि तो नुसता कान हलवून सगळ्यांची नोंद घेई. मीही बसून राही. किती वेळ गेला हे मला सांगता यायचे नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला सांगता यायचे नाही यातच सगळे आले. होटगीला मालगाडी धडधडत गेली तरी दाण्या उठला नाही, तेव्हा मी अण्णांना हलवून सांगितले की तुमचा कुत्रा शिकला. ते जागे झाले, समाधानाने हसले, उठून उभे राहिले. त्याच क्षणी दाण्याने हमालाच्या डोक्यावरच्या बोचक्याकडे झेप घेतली.

चूक काय झाली ते त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. अण्णा हुकूम कानडीत देत होते, पण शिकवत होते ते भलतेच. अण्णा झोपले की आपण शांत बसायचे, एवढा एकच धडा दाण्याने पक्का केला होता. अण्णा जागे असले की त्याला वाटे, सुट्टी झाली. मी हे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले की मग अडचण कुठे आहे. त्याच भरात घरी जाऊन त्यांनी अक्कासमोर पैज मारली की संक्रांतीला दाण्याला गड्ड्याच्या जत्रेत नेऊन शांत बसवून दाखवतो.

सिद्धेश्वराची ती जत्रा ज्यांनी पाहिली नसेल त्यांना एवढेच सांगतो की पाळणे, पिपाण्या, भोंगे, भजी आणि सारा जिल्हा एका मैदानात असतो. अण्णा, अक्का, दाण्या आणि मी असे संध्याकाळच्या आत तिथे पोहोचलो. केळीच्या बागेतला चुलतभाऊही जत्रेला आला होता. त्याची गाडी बाहेर उभी होती आणि निघताना तो अक्काला फोन करणार होता. मैदानात शिरताच दाण्याने एका पोराच्या हातातली पिपाणी पळवली. ती परत करून आम्ही कसेबसे एका बंद गाड्याच्या फळीवर बसलो.

आणि तिथे अण्णांना झोप येईना. गोंगाटात त्यांची झोप अडलेली मी तीस वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी डोळे मिटले. दाण्याने नाक त्यांच्या तोंडापाशी नेऊन हुंगले, खोटी झोप ओळखली, आणि भज्यांच्या कढईकडे दोरी ताणली. अण्णांनी पुन्हा डोळे मिटले, थोडे घोरूनही पाहिले. कपाळावर घाम आला होता. मनगटाला दोरीचा वळ उठला होता. "सुम्ने कुंद्रु," ते म्हणाले, पण ते कुत्र्याला म्हणाले की स्वतःला, हे मला कळले नाही. अक्का समोर पिशवी धरून उभी होती. पिशवीतला फोन वाजू लागला.

अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "जा म्हणावं घिऊन. माझ्यानं हुईना."

अक्काने फोन काढला, बघितला, वाजू दिला, आणि तो थांबल्यावर पिशवीत टाकला. मग ती फळीवर त्यांच्या शेजारी बसली. चारचौघांत ही दोघे इतकी जवळ बसलेली मी कधी पाहिली नव्हती. लग्नाच्या फोटोतसुद्धा मध्ये हात मावेल एवढी जागा आहे.

"दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाय तुमच्या," ती म्हणाली. "टेका हितं."

"लोकं हायत."

"असू द्यात की. जत्राच हाय."

अण्णांनी मान कलती करून तिच्या खांद्यावर टेकली. आधी अवघडल्यासारखी, मग हळूहळू जड. पाळणा वर जाई तशी किंकाळी उठे, भोंग्यावर कुणीतरी हरवलेल्या मुलाचे नाव पुकारत होते, आणि थोड्या वेळाने मला ओळखीची घरघर ऐकू आली. दाण्याने मागे वळून पाहिले. दोरी सैल झाली. तो परत आला, एक गिरकी घेतली, आणि हनुवटी अक्काच्या चपलेवर ठेवून बसला. माणसे त्याला ओलांडून गेली तरी हलला नाही. अक्काचा खांदा अवघडला असणार, पण तीही हलली नाही. मी भजी आणली ती तिने डाव्या हाताने खाल्ली आणि एक खाली दिले. दिवे लागले तसे त्यांचे रंग त्या तिघांवरून फिरत राहिले. फोन पुन्हा वाजला तेव्हा तिने मला तो घ्यायला सांगितले, आणि भावाला काय सांगायचे हे विचारले तर म्हणाली, कुत्रा झोपलाय म्हणून सांगा.

दाण्या गेला नाही. आणि झाले असे की त्यानंतर वर्ष उलटायच्या आत तो आपोआप शहाणा झाला. शिकवणीने की वयाने, याचा हिशोब मला लागलेला नाही. वयाचा वाटा मोठा असावा. आता तो मंडईतून अण्णांच्या टाचेबरोबर चालतो, मांजर दिसले तर तोंड फिरवतो, आणि ओळखीच्या माणसाने हाक मारली तर शेपूट दोनदा हलवून पुढे जातो. गल्लीत त्याच्याविषयी तक्रार नाही. अण्णांचा हात बरा आहे. अक्का सगळ्यांना सांगते की कुत्रा असावा तर असा.

परवा दुपारी तलावावरून जात होतो. तोच कडुलिंब, तोच पांढरा उजेड. दाण्या पाय पसरून, तोंड थोडे उघडे ठेवून गाढ झोपला होता. अण्णा त्याच्या शेजारी ताठ बसले होते, जागे. मी जवळ गेलो आणि आज झोप नाही का, असे विचारले. त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"पोरगं दमलंय," ते अगदी हळू म्हणाले. "हल्ली लई झोपतं. मी आपला बसतो, बघत."

मी दोघांच्या मध्ये न येता थोडा अलीकडे बसलो. पाण्यावर वारा आला आणि शिखर हलले. अण्णांनी हातातली दोरी थोडी सैल सोडली, त्याला ओढ लागू नये म्हणून.